परिवर्तनाचा वेग आणि ज्ञानाची बंद मूठ

पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. तीवर जीवसृष्टी निर्माण होऊन साडेतीनशे कोटींच्या आसपास वर्षे लोटली. पण त्यांतील बहुतांश काळ केवळ सूक्ष्म जीवांचा होता. आपला मानववंश अवघा तीन लाख वर्षांचा, शेती दहा-बारा हजार वर्षांची, तर लेखनकला पाच हजार वर्षांची. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले आणि १९६९ साली मानव चंद्रावर उतरला. अंतर फक्त ६६ वर्षांचे! हा वेग कशाने वाढला?

आमच्या मते याचे उत्तर वारशाच्या स्वरूपात आहे. प्राण्यांचे शारीरिक गुण जन्मदात्यांकडून अपत्याकडेच जातात. म्हणून उत्क्रांतीची चाल मंद असते. ज्ञानाला जन्माचे बंधन नाही. ते कोणाकडूनही कोणाकडे जाते, साठते, वाढते.

जातिव्यवस्थेने मात्र ज्ञानालाही जन्माची बेडी घातली. विद्या एका कुळात, हत्यार दुसऱ्या कुळात आणि दोहोंची भेट निषिद्ध! जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

ही बेडी प्रथम तथागतांच्या संघाने तोडली. आपण आचार्याची मूठ बंद ठेवलेली नाही, असे तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदास सांगितल्याचे पाली साहित्यात नमूद आहे. परंपरेनुसार राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली ती उपालीने. आणि उपाली पूर्वाश्रमीचा नापित होता. इ. स. पू. पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक लिपिबद्ध झाले. छपाईचा काळ नोंदलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मुद्रित ग्रंथही बौद्धांचाच : इ. स. ८६८ मधील चिनी वज्रच्छेदिका.

भारतात मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात आले. परंतु महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या हाती स्वतःचे नियतकालिक येण्यास शतके लोटावी लागली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. यंत्र आल्यापासून हा काळ साडेतीनशे वर्षांहून अधिक होतो. विलंब यंत्राचा नव्हता. तो समाजव्यवस्थेचा होता.

तो विलंब आजही संपलेला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरून माणसे गुदमरून मरतात, आणि मरणारे बहुतेक आपलेच बांधव असतात. चंद्रावर यंत्र पाठवणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवता येत नाही, असे कोण म्हणेल?

सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण जाणतो. परंतु परिवर्तन म्हणजे प्रगती नव्हे. कारणे बदलल्याखेरीज फळ बदलत नाही, हाच प्रतीत्यसमुत्पादाचा बोध आहे. म्हणून नव्या यंत्रविद्येपुढे दिपून न जाता ती आत्मसात करणे आणि ती कोणाच्या मुठीत आहे हे विचारणे, ही दोन्ही कर्तव्ये आहेत. विहारात संगणक जरूर यावा. पण त्यापुढे वस्तीतील शेवटचे मूल बसले पाहिजे. बंद मूठ उघडणे हेच धम्मकार्य होय.