चौदा इंजेक्शने

१९६२ साली आर्वीत मला शेजारच्या काकूंचा कुत्रा चावला. काकूंनी लगेच जखमेत तिखट भरलं! मग छोट्या गाडीने पुलगाव, तिथून वर्धा. मावशीकडे मुक्काम आणि पोटात चौदा इंजेक्शने. बाबांची तितक्या दिवसांची मजुरी बुडाली.

कायदा होता बरं का! १८६० च्या दंडसंहितेचं कलम २८९: जनावर सांभाळण्यात हयगय केल्यास सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. पण दंड सरकारजमा. भरपाईसाठी दिवाणी दावा. शेजाऱ्यावर दावा कोण लावणार, आणि वकिलाची फी?

मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने सरकारला दाताच्या एकेका खुणेमागे किमान दहा हजार द्यायला सांगितले. माझ्या पोटरीवर चार खुणा आहेत.

काकूंनी मात्र महिनाभर दूध पाठवलं. आईने ते मुकाट्याने घेतलं.