जुन्या वाद्याचें वय कशावरून ठरवावें ?

पोथीचा काल ठरवितांना ग्रंथरचनेचा काल व लेखनाचा काल हे आपण निरनिराळे धरतों. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणून तिची प्रत्येक पोथी शके १२१२ ची होत नाहीं. हा विवेक आमच्या संग्राहक मित्रांच्या अंगवळणीं पडलेला आहे. वाद्यांच्या बाबतींत मात्र तो सुटतो. घराण्यांत चालत आलेली कथा कानावर आली कीं वाद्यहि त्या कथेच्या वयाचें मानलें जातें. सबब या प्रश्नाचा विचार एका तंबोऱ्याच्या आधारें येथें करूं.

सन १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयींच्या कायद्यानें हस्तलिखितास ७५ व इतर वस्तूंस १०० वर्षांची मर्यादा घातली आहे. परंतु तंबोरा हा एका तुकड्याचा नसतो. त्यांतील कोणत्या अंगाचें वय मोजावयाचें, हें संशोधकासच ठरविलें पाहिजे.

तंबोऱ्याचीं अंगें दोन प्रकारचीं. तारा तुटतात, खुंट्या झिजतात, घोडीवर तारांच्या घर्षणानें चरे पडतात व जवारी पुनः काढावी लागते. हीं अंगें बदलण्यासाठींच असतात. तेराव्या शतकांत देवगिरीस झालेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत एकतंत्री वीणेचें वर्णन करतांना तंत्री व पत्रिका यांमध्यें वेळूची जीवा घालावयास सांगितली आहे. नाद खुलविणारें हें अंग इतकें नाजूक, कीं तें नवें केल्यावांचून वाद्य टिकावयाचें नाहीं. म्हणून अशा अंगांच्या नूतनीकरणानें वाद्याचें वय कमी होत नाहीं. याच्या उलट भोपळा, तबली व दांडी यांचा सांधा एकदां जुळला म्हणजे वाद्य जन्मास येतें. तो मूळचा असेल तरच त्या तिघांचें वय एक.

आतां प्रस्तुत तंबोरा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडील हा तंबोरा 'मिरजेचा, पेशवाईंतला' म्हणून सांगितला जाई. या दोन शब्दांचाच मेळ बसत नाहीं. पेशवाई सन १८१८ त संपली. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेब यांनीं मिरजेस तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्या परंपरेस सन २०२४ त भौगोलिक निर्देशांकहि मिळाला. तेव्हां तंबोरा मिरजेचा असल्यास पेशवाईंतला नव्हे, व पेशवाईंतला असल्यास या परंपरेंतला नव्हे.

पुढें दुरुस्तीसाठीं तबली उकलली तेव्हां भोपळ्याच्या भेगांवर आंतून छापील मराठी वृत्तपत्राच्या पट्ट्या डकविलेल्या आढळल्या. एका पट्टीवर सन १९११ वाचतां आला. भेगेवरील पट्टी केवळ दुरुस्तीचा काल दाखविते. परंतु याच पट्टीचें टोंक गळा व भोपळा यांच्या सांध्यांत दाबलें गेलें होतें. शिवाय भोपळ्याच्या कांठावर आणखी एका, अधिक रुंद गळ्याची खूण स्पष्ट होती. यावरून दोन गोष्टी निघतात. भोपळा पूर्वीं दुसऱ्या दांडीस जोडलेला होता; व सध्यांचा सांधा १९११ च्या पूर्वींचा नव्हे. त्यानंतर किती वर्षांनीं तो जुळविला, हें कागद सांगत नाहीं. म्हणून शंभर वर्षांची मर्यादा देखील या पुराव्यानें सिद्ध होत नाहीं.

तंबोरा एका संग्रहालयास द्यावयाचा होता. गृहस्थ खिन्न झाले, व 'पेशवाईंतला' हा शब्द निदान पाटीवर तरी राहूं द्यावा असें म्हणाले. आम्हीं तो राहूं दिला नाहीं. 'भोपळा जुना, काल अनिश्चित. घडण सन १९११ वा त्यानंतरची' अशी पाटी लिहिली, व त्याखालीं त्यांच्या घरीं तीन पिढ्या यावर गाणें झालें हेंहि नमूद केलें. पहिली गोष्ट पुराव्याची, दुसरी स्मृतीची. दोन्हींस आपापली जागा असावी.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें प्रत्येक वाद्याचें एक टिपण ठेवावें : कोणतें अंग केव्हां बदललें, कोणीं बदललें, व काढलेलें अंग कोठें आहे. जुनेपण जाईल या भीतीनें जवारी काढूं न देणारे वाद्यास मुकें करितात. जुन्या भोपळ्यास नवी दांडी लावून सर्वच जुनें म्हणणारे तें खोटें करितात. टिपण असल्यास वाद्य बोलतेंहि राहील व खरेंहि राहील.