आठ वाजून तेवीस मिनिटं

माहीम-केळवे पट्ट्यात रात्रीची कबड्डी म्हटली की पाइप आणि फळ्यांची गॅलरी आलीच. ती उभी करणारा मंडपवाला आपल्याच ओळखीचा असतो, वर बसणारेही आपलेच. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसाठी ५ मे १९९२ चा हा घटनाक्रम मांडतो आहे. गाव फ्रान्समधल्या कॉर्सिका बेटावरचं, फ्युरियानी. अशी गॅलरी कशी पडते, याची इतकी सविस्तर नोंद क्वचितच सापडते.

सुमारे दोन आठवडे आधी
दुसऱ्या श्रेणीतला बास्तिया फुटबॉल संघ फ्रेंच चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला. समोर मार्सेय, देशातला तेव्हाचा सर्वांत बलाढ्य संघ. तिकिटासाठी झुंबड उडाली. फ्युरियानीच्या स्टेडियममधला क्लोद पापी नावाचा जुना, छोटा स्टँड पाडायचा आणि त्या जागी जवळजवळ दहा हजार जणांची तात्पुरती लोखंडी गॅलरी उभारायची, असं ठरलं. हाताशी दिवस जेमतेम दहा. माझ्या मते दुर्घटना इथेच सुरू झाली. आधी तारीख ठरली, मग गर्दीचा आकडा ठरला आणि सांगाड्याला त्या दोन्हींत कोंबलं गेलं.

सामन्याचा दिवस
गॅलरी भरू लागली. पत्रकारांची जागा अगदी वरच्या भागात. सांगाडा हलतो आहे हे जाणवत होतं. वर माणसं बसलेली असताना खाली कामगार नट-बोल्ट आवळत होते.

संध्याकाळ
घोषणा आणि पायांचा ठेका सुरू झाला. पाय आपटू नका, अशी विनंती ध्वनिक्षेपकावरून करावी लागली.

इथे थोडं थांबायला हवं. बसलेल्या माणसाचं वजन सरळ खाली जातं आणि ते बहुतेक सांगाडे पेलतात. हजारो माणसं एका तालात हलली की धक्का आडवा बसतो. तो पेलायला तिरके पाइप, म्हणजे कैच्या, लागतात आणि पायाखाली न खचणारी जमीन लागते. आपल्याकडच्या आयएस ८७५ मानकात पक्की आसनं नसलेल्या गर्दीच्या जागेसाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार धरायला सांगितलं आहे. आडव्या धक्क्याचा हिशेब त्याशिवाय वेगळा करावा लागतो. भरलेल्या गॅलरीखाली पाना फिरवणं ही दुरुस्ती नव्हे. ध्वनिक्षेपकावरून विनंती झाली त्याच क्षणी ती रिकामी करायला हवी होती. तो आदेश कोणी दिला नाही.

रात्री ८.२३
सामना साडेआठला सुरू होणार होता. त्याला सात मिनिटं असताना गॅलरीचा वरचा भाग कोसळला. अधिकृत नोंदीप्रमाणे १८ मृत्यू, २,३५७ जखमी. मैदानाचंच रुग्णालय झालं आणि हेलिकॉप्टरं तिथेच उतरू लागली.

नंतर
त्या वर्षी चषकाचा अंतिम सामना झालाच नाही. जुलै १९९२ मध्ये फ्रान्सने क्रीडांगणांच्या सुरक्षेचा कायदा केला. २०२१ मध्ये ५ मे रोजी व्यावसायिक फुटबॉल सामने न खेळवण्याचाही कायदा झाला.

आपल्याकडे नागपूरला २६ नोव्हेंबर १९९५ रोजी, भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्यात, जेवणाच्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक मेले. सामना मात्र पुढे चालू राहिला. तेलंगणात सूर्यापेटला २२ मार्च २०२१ रोजी राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनालाच गॅलरी खाली आली. शंभरहून अधिक लोक जखमी झाले. तो खेळ आपला, ती गॅलरीही आपल्यासारखीच.

माहीमला समुद्राची खारी हवा आहे. मागच्या वर्षीचा क्लॅम्प बाहेरून बरा दिसतो, आतली आट्याची धार गंजलेली असते. तो पिळून बघावा, हलला तर फेकून द्यावा. वाळूत पाइप नुसता रोवू नये, खाली रुंद फळी किंवा लोखंडी पट्टी द्यावी. पाऊस पडून गेला असेल तर सगळे पाय पुन्हा तपासावेत.

इनडोअर सभागृहातल्या दुमडत्या गॅलरीच्या खोडी वेगळ्या. ती चाकांवर पुढे सरकते आणि एकेक ओळ बाहेर येऊन लॉक होते. एक बाजू मागे राहिली, गॅलरी तिरकी सरकू लागली किंवा मोटर नेहमीपेक्षा जास्त ओढ घेऊ लागली, तर बटण दाबत राहू नका. खाली चाकाशी काहीतरी अडकलंय का, चाक झिजलंय का, साखळी सैल पडली आहे का, ते आधी पाहा. प्रत्येक ओळीचं लॉक बसल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकालाही वर सोडू नका. आणि गॅलरी हलत असताना तिच्याखाली माणूस असता कामा नये, मग तो कितीही जुना फिटर असो.

मंडळांना एक विनंती. या हंगामात गॅलरीसाठी एक जबाबदार माणूस नेमा आणि सामना थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. तो नको म्हणाला तर प्रमुख पाहुणे येऊन बसले असले, तरी गॅलरी रिकामी करा आणि प्रेक्षकांना जमिनीवर बसवून सामना खेळवा.