बादल्या, बंब आणि बिनपगारी माणसं

अमेरिकेत आग विझवायला धावणारी बरीचशी माणसं बिनपगारी असतात, हे सांगितलं तर आपल्याकडे पटत नाही. मुंबईच्या अग्निशमन दलाची सवय असलेल्या मलाही पटलं नव्हतं. पण देशभरातल्या अग्निशामकांपैकी साधारण दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. कुणी मेकॅनिक, कुणी मास्तर. पेजर वाजला की हातातलं काम टाकायचं आणि पळायचं.

ही प्रथा जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने (तोच तो, पतंग आणि विजेवाला) १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदाने घरी कातडी बादल्या आणि सामान वाचवायला पोती तयार ठेवायची, महिन्याला एकदा जमायचं, गैरहजर राहिला तर दंड भरायचा. सभासद पुरेसे झाल्यावर नव्यांना सांगितलं, तुम्ही दुसरी कंपनी काढा! ही युक्ती मला भारी वाटते. एकच संस्था फुगवण्यापेक्षा गल्लोगल्ली नव्या कंपन्या उभ्या राहिल्या.

पुढे त्यांत चुरस आली, मारामाऱ्या आल्या, राजकारणही आलं. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध पुढारी ट्वीड अशाच एका कंपनीतून वर आला. (गणेश मंडळं आठवली ना?) पण स्वयंसेवकांना शहराबाहेर काढलं ते मुख्यतः एका यंत्राने, असं माझ्यातल्या इंजिनियरला वाटतं. हातपंप मारायला डझनावारी माणसं लागत आणि तीही लवकर दमत. वाफेच्या पंपाला मोजकीच लागत, पण ती शिकलेली आणि कायम हजर हवीत. सिनसिनाटीने १८५३ साली पगारी दल उभारलं, न्यूयॉर्कने १८६५ साली, आणि खुद्द फिलाडेल्फियाने १८७१ साली.

खेड्यांत मात्र स्वयंसेवक टिकले. आता तिथेही ओढाताण आहे. १९८४ साली देशात सुमारे नऊ लाख स्वयंसेवक अग्निशामक होते, २०२० साली पावणेसात लाख. लोकसंख्या या काळात बरीच वाढली. बोलावणी तर १९८० ते २०२० मध्ये तिपटीहून जास्त झाली, त्यातली बरीचशी आगीची नव्हे, आजारपणाची. नवरा-बायको दोघंही नोकरीला, नोकरी दूरच्या शहरात, त्यात प्रशिक्षणाचे तास वाढलेले. दिवसा गावात उरतात म्हातारी माणसं.

'लोक स्वार्थी झाले' ही तक्रार इथेही ऐकू येते. मला ती अर्धवट वाटते. चाळीस मैलांवर कामाला गेलेला माणूस कितीही भला असला तरी बंबापाशी पोचणार कसा? पेनसिल्व्हेनियाने २०१६ साली कायदा करून गावांना अशा स्वयंसेवकांना स्थानिक करात सवलत द्यायची मुभा दिली. शेजारशेजारच्या कंपन्या एकत्र होताहेत, कुठे दिवसा पगारी आणि रात्री बिनपगारी अशी वाटणी झाली आहे.