सिनेगॉग : एका शब्दाचा प्रवास

(प्रार्थनालयातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



माझी आजी अलिबागकडची. सणाच्या दिवशी ती "चला, मशिदीत जायचंय" असे म्हणे. मुंबईच्या शाळेत शिकणाऱ्या मला त्या शब्दाची लाज वाटे. मित्रांसमोर मी तिला अडवून "सिनेगॉग म्हण" असे सांगत असे, आणि ती बिचारी गप्प बसे. आज माझी नातवंडे "बेत क्नेसेत" म्हणतात आणि माझ्या "सिनेगॉग"ला हसतात. तेव्हा ज्या शब्दासाठी मी आजीला दुखावले, तो शब्द मुळात कोणाचा, हे पाहावे असे मनात आले.

तो हिब्रू नाही, ग्रीक आहे. 'सिन्' म्हणजे एकत्र आणि 'आगेइन' म्हणजे नेणे, हाकणे. 'सिनागोगे' म्हणजे एकत्र आणणे, जमाव. इ.स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुदी विद्वानांनी तोराचे ग्रीक भाषांतर सुरू केले. त्यात बेरेशीथच्या पहिल्याच अध्यायात, आकाशाखालचे पाणी एके ठिकाणी जमते तिथे, हा शब्द येतो. पुढे इस्राएलच्या मंडळीसाठी, म्हणजे हिब्रू 'एदा'साठी, त्यांनी बहुधा हाच शब्द योजला. तिथे त्याचा अर्थ वास्तू असा नव्हता. तो माणसांचा होता.

इजिप्तमधील त्या काळच्या शिलालेखांत आपल्या प्रार्थनागृहाला 'प्रोसेउखे', म्हणजे 'प्रार्थना', असे नाव आढळते. जमावाचे नाव इमारतीला कसे लागले, याची उत्तम साक्ष यरुशलेमची आहे. 1913-14 च्या उत्खननात तेथे थिओडोटस नावाच्या कोहेनाचा ग्रीक शिलालेख सापडला. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसापूर्वीचा, म्हणजे इ.स. 70 पूर्वीचा, मानतात. आपण हे सिनागोगे बांधले ते तोरा वाचण्यासाठी व आज्ञा शिकवण्यासाठी, आणि परदेशातून येणाऱ्या गरजूंना राहण्यासाठी खोल्या व पाण्याची सोय केली, असे तो सांगतो. पवित्र नगरीतही आपल्या लोकांनी ग्रीक शब्द दगडावर कोरला, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे लॅटिनने तो शब्द 'सिनागोगा' म्हणून जसाच्या तसा उचलला. तेथून फ्रेंच व इंग्रजी, स्पॅनिश व इटालियन, जर्मन, हंगेरियन, रशियन अशा भाषांत तो थोड्याफार फरकाने पोहोचला. मात्र युरोपभर त्याला नेले ते मुख्यतः ख्रिस्ती धर्मग्रंथांनी. यहुद्यांच्या घरांत अनेक ठिकाणी निराळाच शब्द रुळला होता. रोम व व्हेनिसमध्ये 'स्कोला', यिद्दिशमध्ये 'शूल'. हाही ग्रीकच, 'स्खोले' म्हणजे फुरसत, मग अध्ययन, मग शाळा. लूथरने जर्मन बायबलमध्ये सिनेगॉगसाठी 'शाळा' असाच शब्द वापरला. पोर्तुगीज यहुद्यांनी 'एस्नोगा' असे रूप केले; ॲमस्टरडॅमचे 1675 चे भव्य प्रार्थनालय आजही त्याच नावाने ओळखले जाते.

या शब्दाला एक जुळी बहीण होती : 'एक्लेसिया'. त्याच ग्रीक भाषांतरात हिब्रू 'काहाल'साठी अनेक ठिकाणी ती येते. अर्थ तोच, सभा. ख्रिस्ती मंडळीने ती आपलीशी केली. तिच्यापासून फ्रेंच 'एग्लीझ', पोर्तुगीज 'इग्रेजा' आणि गोव्या-कोकणातली आपल्या ओळखीची 'इगर्ज' आली. पण मध्ययुगात या बहिणींना एकमेकींसमोर वैरिणींसारखे उभे केले गेले. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलसाठी सुमारे 1230 मध्ये दोन स्त्रीमूर्ती घडवल्या गेल्या. एक्लेसिया मुकुट घालून ताठ उभी आहे. सिनागोगाच्या डोळ्यांवर पट्टी आहे, भाला मोडलेला आहे आणि आज्ञांच्या पाट्या हातातून निसटत आहेत. वाचता न येणाऱ्या माणसालाही शेजारच्या यहुद्यांविषयी काय मानायचे, ते ही मूर्ती शिकवत होती. 9 आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजी जर्मन राजवटीत शेकडो सिनेगॉग जाळले गेले, तेव्हा शतकानुशतके मुरलेला तो तिरस्कार आपल्यासमवेत नव्हता असे कोण म्हणेल?

आता आपल्याकडे वळू. सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत शाआर हाराहमीम बांधले. आपल्या लोकांनी त्याला मशीदच म्हटले. जवळच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे आपल्यात सांगतात. पुण्याचे ओहेल डेव्हिड सगळ्या शहराला 'लाल देऊळ' म्हणून ठाऊक आहे. मशीद म्हणताना आपले पूर्वज मुसलमान झाले नाहीत आणि देऊळ म्हटल्याने ओहेल डेव्हिडमधले सेफर तोरा बदलले नाहीत. अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी केले तेच त्यांनी केले : शेजाऱ्याला समजेल असा शब्द घेतला आणि त्यात आपली प्रार्थना ठेवली.

शेवटी एक गोष्ट सांगतो. ग्रीक 'आगेइन' आणि संस्कृत 'अज्', म्हणजे हाकणे, हे धातू एकाच मुळाचे आहेत. 'सम्' हा उपसर्ग 'अज्'ला लागला की 'समाज' हा शब्द होतो. म्हणजे 'सिनागोगे' या शब्दाची जशी घडण, तशीच आपल्या रोजच्या 'समाज' या शब्दाची. 'क्नेसेत'चा अर्थही जमणे हाच. मी आजीला जो शब्द शिकवू पाहत होतो, त्याचा अर्थ तिला माझ्याहून चांगला ठाऊक होता. सणाच्या दिवशी ती सगळ्या आळीला हाक मारूनच निघत असे.

तुमच्या घरांतील वडीलधाऱ्यांचे असे शब्द असतील, ते लिहून ठेवा. ते ऐकताना मुलांना हसू आले तर येऊ द्या. पण त्यांना अडवू नका.