तुंबडी, कार्बॉलिक आणि ऋणदाबाची पट्टी

बेळगावच्या पश्चिमेस, महाराष्ट्राच्या सरहद्दीलगत वसलेल्या बेळगुंदीतील एखाद्या शेतकऱ्याचे आतडे अकस्मात फुटले वा पिळवटले, तर त्याचे प्राण राखणारी शस्त्रक्रिया आज बेळगावातच होते. परंतु पोट शिवल्यानंतर काही दिवसांनी टाक्यांतून पू वाहू लागला, की इस्पितळातील मुक्काम लांबतो, पेरणीचा हंगाम हातचा जातो आणि प्रसंगी जखम पुन्हा उघडावी लागते. शिवलेल्या जखमेचे रक्षण हा शल्यविद्येतील दुय्यम विषय नव्हे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

या रक्षणाची चिंता पुरातन आहे. सुश्रुताने परिस्रावी उदरात, म्हणजे आतड्याला छिद्र पडलेल्या उदररोगात, पोट उघडून ते छिद्र काळ्या मुंग्यांच्या मुखांनी सांधण्याचा विधी सांगितला, आणि व्रणाला गुग्गुळ, मोहरी व कडुनिंबाच्या पानांची धुरी देण्यासही बजावले. दूषित रक्त ओढण्यासाठी त्याने अलाबू, म्हणजे आत दीप ठेवलेला भोपळा, सांगितला; मराठी मुलखात तुंबडी या नावाने तीच निर्वाताची ओढ पिढ्यान्‌पिढ्या परिचित राहिली.

1867 साली शल्यविशारद लिस्टरने जखम निर्जंतुक राखण्यासाठी केलेले कार्बॉलिक आम्लाचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पू हे जखम भरण्याचे सुलक्षण मानणारी जुनी समजूत ढासळू लागली. 1894 मध्ये पटवर्धनांच्या मिरज संस्थानात डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे मिशन इस्पितळ उघडले, आणि रेल्वेने मिरजेशी जोडलेल्या बेळगावच्या मुलखाला नव्या शल्यविद्येचे दार आगगाडीच्या टप्प्यात आले. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघावयास 1963 साल उजाडावे लागले.

तुंबडीच्या ओढीला नवे यंत्ररूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. 1997 साली अमेरिकेतील अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी उघड्या जखमेत स्पंज बसवून, वर हवाबंद पापुद्रा चिकटवून, पाऱ्याच्या 125 मिलिमीटर इतक्या ऋणदाबाने स्राव शोषून घेण्याची रीत मांडली. पुढे अशीच ऋणदाबाची पट्टी शिवलेल्या पोटावरही लावू लागले: टाक्यांच्या कडा एकत्र राहाव्यात, खाली साचणारा द्रव निघावा, बाहेरचे जंतू अडावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली जोखमीच्या जखमांसाठी तिची शिफारस केली, मात्र पुरावा दुबळा आहे हे नमूद करून आणि साधनसामग्रीचा विचार करण्याची अट घालून.

ती सावधगिरी योग्यच ठरली. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात तातडीने पोट उघडाव्या लागलेल्या 840 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ऋणदाबाची पट्टी लावलेले आणि साधी पट्टी लावलेले, या दोन्ही गटांत जखम दूषित होण्याचे प्रमाण शेकडा 28 च्या आसपासच राहिले. याउलट भारतासह सात देशांतील 13,301 रुग्णांच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोट शिवण्यापूर्वी हातमोजे व हत्यारे बदलण्याच्या निव्वळ शिस्तीने ते प्रमाण शेकडा 18.9 वरून 16 वर उतरले.

उघड्या, चिघळलेल्या जखमेवर त्या यंत्राचे मोल आहेच. पण ज्या इस्पितळांत सरहद्दीवरच्या खेड्यांतले रुग्ण पोट धरून येतात, त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे, की महागड्या पट्टीची मागणी दप्तरी दाखल करण्यापूर्वी प्रत्येक शस्त्रक्रियेस हातमोज्यांचा दुसरा जोड आणि निर्जंतुक हत्यारांचा दुसरा संच मेजावर तयार असेल, एवढी तजवीज त्यांनी करावी.