कोल्हापूर प्रकरणांतील कागद

सन १८८२ च्या ऑक्टोबरची २६ तारीख महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिली आहे ती सत्काराची म्हणून. डोंगरीच्या तुरुंगांतून टिळक व आगरकर त्या दिवशीं सुटले आणि लोकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. त्या एकशें एक दिवसांवर आगरकरांनीं लिहिलेलें पुस्तकही प्रसिद्ध आहे. ज्या कागदांपायीं ते आंत गेले, ते कागद मात्र आज फारसे कोणास आठवत नाहींत.

'केसरी' व 'मराठा' निघाले ते जानेवारी १८८१ मध्यें. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले गेले होते; वेडाच्या नांवाखालीं त्यांचा छळ चालला आहे अशा वार्ता पुण्यास येत, आणि त्या ऐकून कोणाचेंही रक्त तापावें अशाच त्या होत्या. अशा वेळीं संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातचे म्हणून कांहीं कागद संपादकांपुढें आले. महाराजांविरुद्ध कारस्थान चाललें आहे असें त्यांवरून दिसे. मजकूर छापला गेला. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि कागद बनावट ठरले. संपादकांनीं माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्यें दोघांस चार चार महिन्यांची साधी कैद झाली. त्याच महिन्याच्या २३ तारखेस टिळकांस सव्वीस वर्षें पुरीं झालीं, तीं तुरुंगांतच.

तरुण वयाची चूक म्हणून हें प्रकरण मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाहीं. दोघेही विद्वान्, तर्कांत कसलेले. प्रतिपक्षानें दिलेला कागद त्यांनीं दहा वेळां उलटून पाहिला असता. हस्ताक्षर ताडून पाहणें, कागद कोणी कोणापासून व कसा मिळविला हें खोदून विचारणें, यांस कांहीं मोठी विद्या लागत नव्हती. पण मनानें जें आधींच खरें मानलें होतें, त्याचाच पुरावा दारीं चालून आला, मग तो पारखावा कोणीं?

खोट्या कागदांवरून एका गृहस्थावर घोर आरोप आला, आणि लोकांनीं मिरवणूक काढली ती आरोप छापणाऱ्यांची! बर्व्यांविषयीं कोणाचें मत कसेंही असो, हें विसरतां येत नाहीं. पण याहून मोठी हानि ज्यांच्या कैवारासाठीं लेखणी उचलली त्या महाराजांचीच झाली असें मला वाटतें. कोर्टांत वाद राहिला तो कागद खरे कीं खोटे एवढाच. महाराजांस कसें वागविलें जातें, ही मूळची चौकशी बाजूस पडली. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें, राखणीस ठेवलेल्या एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराज मरण पावले. त्यांस एकविसावें वर्ष चालू होतें.